सोन्याचा वर्ख आणि मायकेल फॅरेडे

मुलांनो, आपल्या सोलापूरच्या नवी पेठेतून तुम्ही अनेकदा गेला असाल. कापडाच्या दुकानासमोर आईबरोबर ताटकळत उभे राहिला असाल. मिठाईच्या दुकानातील परातीही तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतील एखादी बर्फी लांबूनच चकाकते. तिच्यावर चांदीचा वर्ख लावलेला असतो. ईद असो की दिवाळी, वर्खाच्या मिठाईचा मान वेगळाच! या वर्खाला बोट लावले की तो बोटालाच चिकटतो. फुंकर घातली की चुरगळतो. घरातील तांब्याचा हंडा आठवा आणि मग हा वर्ख आठवा. दोन्ही धातूच आहेत, यावर विश्वास बसत नाही.

वर्ख करण्याचे काम पूर्वी हातानेच चाले. चांदीचे लहान तुकडे चामड्याच्या पानांमध्ये ठेवायचे, त्या पानांचा गठ्ठा बांधायचा आणि तो हातोडीने तासन्‌तास ठोकायचा. हैदराबादला चारमिनारच्या आसपास असे कारागीर बसत. उर्दूत तुम्ही वर्खाला वरक म्हणता, आणि पुस्तकाच्या पानालाही वरकच म्हणता. हा शब्द लक्षात ठेवा. आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांचे आयुष्य पुस्तकाच्या वरकापासून सुरू झाले आणि उतारवयात ते सोन्याच्या वरकापाशी आले. त्यांचे नाव मायकेल फॅरेडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडन शहराजवळ झाला. त्याचे वडील जेम्स लोहार होते. तापलेले लोखंड, भाता, ऐरण, घणाचे घाव हे सर्व त्याने अगदी लहानपणी पाहिले. पण वडिलांची प्रकृती बरी नसे. रोज काम होत नसे आणि काम नसले की पैसा नसे. महागाईच्या दिवसांत मायकेलला आठवडाभरासाठी एकच पाव मिळे, असे सांगतात. शाळेत तो थोडेफार लिहिणे, वाचणे आणि हिशेब शिकला. त्यापुढे शाळा नाही.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. आधी वर्तमानपत्रे पोहोचवण्याचे काम होते. मुलगा चलाख आणि प्रामाणिक आहे, हे पाहून रिबो यांनी त्याला १८०५ मध्ये पुस्तकबांधणीच्या उमेदवारीवर घेतले. उमेदवारी सात वर्षांची होती. तिच्यासाठी पैसे द्यावे लागत. रिबो यांनी ते घेतले नाहीत.

पुस्तकबांधणी म्हणजे नुसते खळ लावून पाने चिकटवणे नव्हे. पाने शिवायची, कडा कापायच्या, चामड्याचा पुठ्ठा चढवायचा. भारी पुस्तकाच्या पाठीवर सोन्याच्या वर्खाने नाव उमटवण्याची त्या काळी रीत होती. हे हाताचे काम मायकेल मनापासून शिकला. पण त्याला दुसरी एक खोड लागली. बांधायला आलेले पुस्तक तो वाचत बसे! मालकही असे भले, की त्यांनी त्याला अडवले नाही. एका विश्वकोशात विजेवरचा लेख होता. जेन मार्सेट या बाईंनी रसायनशास्त्रावर संवादाच्या रूपाने लिहिलेले एक सोपे पुस्तक होते. मायकेलने दोन्ही वाचली. वाचलेले खरे आहे का, हे पाहण्यासाठी त्याने पदरचे दोन पैसे खर्चून घर्षणाने वीज तयार करण्याचे लहानसे यंत्रही बनवले.

१८१० मध्ये वडील वारले. त्याच सुमारास शहरात विज्ञानाची व्याख्याने होत असत. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे. मायकेलचा थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांप्रमाणेच लोहारकाम करी. तो आपल्या कमाईतून धाकट्याला ते शिलिंग देई.

पुढे रिबो यांच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील चार व्याख्यानांची तिकिटे दिली. वर्ष होते १८१२. वक्ते होते त्या काळचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही. मायकेल गॅलरीत बसला आणि शब्द न्‌ शब्द टिपून घेतला. घरी आल्यावर त्याने ते सर्व सुवाच्य अक्षरांत लिहून काढले, आकृत्या काढल्या आणि स्वतःच्या हातांनी त्याचे सुंदर पुस्तक बांधले. उमेदवारी संपली होती. बांधणीच्या धंद्यात त्याचे मन लागत नव्हते. त्याने ते पुस्तक डेव्ही यांच्याकडे पाठवले आणि विज्ञानाचे काही काम द्यावे, अशी विनंती केली.

काम लगेच मिळाले नाही. पण थोड्याच महिन्यांत डेव्ही यांच्या प्रयोगशाळेतील मदतनीसाला भांडणावरून काढून टाकण्यात आले. जागा रिकामी झाली. १ मार्च १८१३ रोजी एकवीस वर्षांचा मायकेल फॅरेडे बाटल्या धुण्याच्या आणि उपकरणे मांडण्याच्या नोकरीवर रुजू झाला. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार आणि इमारतीच्या वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या. यानंतर साऱ्या आयुष्यात त्यांनी ही संस्था सोडली नाही.

त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नी युरोपच्या प्रवासाला निघाली. फॅरेडे यांना मदतनीस म्हणून बरोबर नेले, पण वाटेत नोकराची कामेही करावी लागली. डेव्ही यांच्या पत्नीने त्यांना बरोबरीच्या माणसासारखे कधी वागवले नाही. लोहाराच्या मुलाला हे सोसावे लागले. तरी या प्रवासात त्यांनी मोठमोठे शास्त्रज्ञ पाहिले, फ्रेंच आणि इटालियन भाषा शिकून घेतल्या आणि १८१५ मध्ये ते परत आले.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या देशाशी जोडलेली आहे. फॅरेडे यांच्या चरित्रात ती सहसा दोन ओळींत उरकतात. मला मात्र ती महत्त्वाची वाटते.

दक्षिण हिंदुस्थानात फार पूर्वीपासून एक उत्तम पोलाद बनत असे. लोखंड आणि लाकडाचे तुकडे मातीच्या मुशीत बंद करून ती मूस भट्टीत तापवत. या पोलादाला इंग्रज लोक वूट्झ म्हणत. कन्नडमध्ये पोलादाला उक्कु म्हणतात. त्याच शब्दाचे हे बिघडलेले रूप असावे, असे मानतात. तुमच्यापैकी ज्यांच्या शेजारी कन्नड बोलणारी माणसे आहेत, त्यांनी विचारून पाहावे. या पोलादाच्या तलवारीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे. तिला तुमच्या उर्दूत जौहर म्हणतात. मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने १७९४ च्या सुमारास लंडनला पाठवले होते. तेव्हापासून तेथील विद्वानांना त्याचे कोडे पडले होते.

लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचे सुऱ्या-कात्र्यांचे कारागीर होते. त्यांना वूट्झ फार आवडे. १८१८ च्या सुमारास त्यांनी आणि फॅरेडे यांनी मिळून त्याचा अभ्यास सुरू केला. घासून गुळगुळीत केलेल्या वूट्झवर त्यांनी सौम्य आम्ल लावले. लहरींची नक्षी उमटली. ही नक्षी वरून काढलेली नव्हती, ती पोलादाच्या अंगातच होती. धातू थंड होताना त्यात स्फटिक बनतात आणि हातोडीखाली ते लांबट होऊन लहरी दिसतात, असे त्या दोघांनी मानले.

येथे थोडे थांबू या. धातूचा तुकडा आपल्याला सलग, एकजीव दिसतो. तो तसा नसतो. घरी तूप कढवून ठेवले की थिजताना ते कसे रवाळ होते, ते आठवा. धातूही थिजताना असाच रवाळ होतो. त्याच्या रव्यांना शास्त्रज्ञ स्फटिककण म्हणतात. प्रत्येक रव्यात अणू रांगेने बसलेले असतात, पण शेजारच्या रव्यातील रांगांची दिशा वेगळी असते. दोन रवे जेथे भेटतात तेथे सीमा असते. हे रवे बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. मात्र जस्त चढवलेल्या नव्या पत्र्याच्या बादलीवर बर्फाच्या फुलांसारखे जे ठिपके दिसतात, ते जस्ताचे रवेच होत. बाजारात गेलात तर अशी बादली उन्हात तिरकी धरून पाहा.

फॅरेडे आणि स्टोडार्ट यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले. प्लॅटिनम मिसळले, ऱ्होडियम मिसळले, चांदी मिसळली. पोलादाच्या पाचशे भागांत चांदीचा एक भाग चांगला मुरतो. त्याहून जास्त घातली तर पोलाद थंड होताना चांदी बाहेर पडू लागते, असे त्यांना दिसले. पण वूट्झच्या कोड्याचे फॅरेडे यांनी काढलेले उत्तर चुकले. त्यात मिसळलेल्या अॅल्युमिनियममुळे ते पोलाद असे होते, असे त्यांना वाटले. खरे कारण कार्बन हे होते. वूट्झमध्ये साध्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे दीड टक्का, कार्बन असतो. १८२३ मध्ये स्टोडार्ट वारले आणि हे काम मागे पडले. त्यांच्या पोलादाचे ७९ लहान तुकडे एका लाकडी पेटीत तसेच राहिले. १९३१ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्ड या पोलादतज्ज्ञाने ते पुन्हा तपासले.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षे फॅरेडे यांच्या कीर्तीची. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ती आहेत, म्हणून मी लांबण लावत नाही. १८२१ मध्ये त्यांनी विजेच्या प्रवाहाने तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. १८३१ च्या ऑगस्टमध्ये चुंबकाच्या साहाय्याने तारेत वीज उत्पन्न केली. तुमच्या घरातील पंखा आणि वीजकेंद्रातील जनित्र ही त्याच दोन प्रयोगांची लेकरे. विद्युत विघटनाचे नियमही त्यांचेच. १८३३ मध्ये त्यांना असेही दिसले की, सिल्व्हर सल्फाइड तापवले तर त्यातून वीज जास्त सहज वाहते. धातू तापला की त्यातून वीज कमी सहज वाहते, हे ठाऊक होते. येथे उलटे घडले! याचा उलगडा व्हायला पुढे शंभर वर्षे लागली.

मोठेपण आले, पण राहणी बदलली नाही. राजाकडून मिळणारी सर ही पदवी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले, तेही नाकारले. मुलांसाठी मात्र ते नाताळच्या सुटीत आनंदाने व्याख्याने देत. अशा व्याख्यानांच्या एकोणीस माला त्यांनी दिल्या. त्यांना आणि त्यांच्या पत्नी सारा यांना मूलबाळ नव्हते.

पण १८४० च्या आसपास एक संकट आले. फॅरेडे यांची स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली. डोके गरगरे. कालचे काम आज आठवेना. काही काळ त्यांना सर्व काम थांबवून विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला जावे लागले. विचार करा, ज्याचे सगळे धन डोक्यात आहे, त्याच्या तिजोरीलाच भोक पडावे, असे हे होते. त्यांना एक जुनी सवय उपयोगी पडली. प्रत्येक प्रयोग ते वहीत लिहीत आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक देत. १८३२ मध्ये सुरू झालेले हे क्रमांक अखेर १६,०४१ पर्यंत गेले. डोक्यात न राहिलेले वहीत राहत होते.

अशा अवस्थेत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, म्हणजे १८५६ च्या सुरुवातीला, त्यांनी सोन्याचा वर्ख हाती घेतला.

त्यांचा प्रश्न प्रकाशाविषयी होता. प्रकाश लहरींच्या रूपाने येतो. समजा, एखादा धातू त्या लहरीच्या लांबीपेक्षाही बारीक केला, तर प्रकाश त्याच्याशी कसा वागेल? असा धातू कोठे मिळणार? तो तर बाजारात तयार होता! कारागिराने ठोकलेल्या सोन्याच्या वर्खाची सरासरी जाडी त्यांनी एका इंचाचा २,८२,००० वा भाग अशी धरली. म्हणजे असे अकरा हजार वर्ख एकावर एक ठेवले, तर कोठे एक मिलिमीटर भरेल. हा वर्ख काचेवर चिकटवून उजेडासमोर धरला, तर पलीकडचे दिसते आणि उजेड हिरवा दिसतो. वरून पिवळे सोने, आरपार पाहिले तर हिरवे! (चांदीचा वर्ख दिव्यासमोर धरून मी पाहिला आहे. माझ्या वर्खाला भोकेच इतकी होती, की त्यांतूनच उजेड आला. फॅरेडे यांचा वर्ख चांगला असणार.)

हा वर्खही त्यांना जाड वाटला. म्हणून सायनाइडच्या पातळ द्रावणावर तो तरंगवून त्यांनी आणखी झिजवला. सायनाइड हे भयंकर विष आहे. हा प्रयोग वाचण्यासाठी आहे, करण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवा.

मग त्यांनी काचेवरचा वर्ख तापवला. सोने वितळायला १०६४ अंश सेल्सिअस तापमान लागते. फॅरेडे यांनी दिलेली उष्णता त्याच्या जवळपासही नव्हती. काच लालदेखील झाली नव्हती. तरी वर्ख बदलला. त्याची सोनेरी चकाकी गेली. हिरवा रंग गेला. प्रकाश जवळजवळ रंगहीन होऊन आरपार येऊ लागला. सोने उडून गेले होते का? नाही, ते काचेवरच होते. फॅरेडे यांनी अकीकाचा एक गुळगुळीत गोलसर खडा घेतला आणि त्या जागेवर दाबून फिरवला. जेथे दाब पडला, तेथे हिरवा रंग परत आला!

चांदीचा वर्ख तापवून पाहिला, तोही असाच पारदर्शक झाला.

त्यांनी विजेचाही उपयोग केला. काचेच्या बरण्यांत साठवलेली वीज एकदम सोन्याच्या बारीक तारेतून सोडली. क्षणात तार फुटून तिची वाफ झाली आणि शेजारच्या काचेवर सोन्याचा अतिशय बारीक थर बसला. हा थर सोनेरी नव्हता. कोठे जांभळट, कोठे करडा, कोठे हिरवट असे रंग त्यावर होते. तो तापवला की माणकासारखा लाल होई. म्हणजे विजेने सोने विखुरले जात होते आणि उष्णतेने विखुरलेल्या सोन्यात पुन्हा काहीतरी हालचाल होत होती. फॉस्फरसच्या साहाय्याने त्यांनी सोन्याचे कण पाण्यातही तरंगत ठेवले. ते पाणी लाल दिसे. त्यात मीठ टाकले की निळे होई, कारण कण एकमेकांजवळ येऊन मोठे होत.

पण काचेवरच्या वर्खात नेमके काय होत होते? सोने थेंबाथेंबाने गोळा होऊन मध्ये फटी पडत होत्या, की सलग राहूनच त्याचे अंतरंग बदलत होते? गोळा झाले म्हणावे, तर नुसत्या दाबाने रंग परत कसा येतो? सलग आहे म्हणावे, तर चकाकी कोठे गेली? त्या काळच्या उत्तम सूक्ष्मदर्शकांतून त्यांनी पाहिले. त्यांचे मित्र वॉरन द ला रू यांनीही मदत केली. उत्तर मिळाले नाही. सूक्ष्मदर्शकाला दिसेल त्याहून ते कण बारीक होते.

जवळजवळ वर्षभर हे काम चालले. विसरायला होई, म्हणून एकच गोष्ट पुन्हा करावी लागे. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे सर्व काम मांडले. जे दिसले ते सांगितले आणि जे कळले नाही ते कळले नाही, असेच ठेवले. वर्गात मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसले, की आम्हा शिक्षकांची कशी धांदल उडते, हे तुम्ही पाहिले आहे. युरोपभर नाव असलेल्या माणसाने भर सभेत असे उघडे प्रश्न ठेवणे सोपे नव्हते.

१८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांना हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले. स्मरणशक्ती हळूहळू क्षीण होत गेली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, आपल्या खुर्चीत बसले असतानाच, त्यांचे निधन झाले. लंडनमधील हायगेट दफनभूमीत त्यांची कबर आहे.

वर्खाचे कोडे त्यांच्यामागे राहिले. १९०३ मध्ये जॉर्ज बील्बी यांनी अधिक चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली तापवलेले वर्ख पाहिले. वितळण्याच्या कितीतरी आधीच धातूचे कण हलतात आणि एकत्र गोळा होतात, असे त्यांना दिसले. १९०८ मध्ये बर्मिंगहॅमचे प्राध्यापक थॉमस टर्नर यांनी आणखी एक पुरावा दिला. सुमारे ५०० अंशांना तापवून पारदर्शक झालेल्या वर्खातून वीज नीट वाहत नाही. तिला फार मोठा अडथळा होतो. धातू सलग असता तर असे झाले नसते. वर्ख तुटलेला होता.

आज आपल्याला यामागची क्रिया ठाऊक आहे. उष्णता मिळाली की धातूतील अणू जागचे हलू लागतात. सीमेवरचे अणू लहान रव्यातून निघून शेजारच्या मोठ्या रव्याच्या रांगेत जाऊन बसतात. मोठा रवा वाढतो, लहान नाहीसा होतो. साबणाच्या फेसात लहान बुडबुडे नाहीसे होऊन मोठे उरतात ना, काहीसे तसेच. हंड्याच्या जाड पत्र्यात असे झाले तर वरून काही कळत नाही. पण वर्खाची जाडीच ती किती! रवे जाडीइतके मोठे झाले की सीमेवर खाचा पडतात. खाचा खोल होत होत खाली काचेपर्यंत पोहोचतात. मग वर्ख फाटतो आणि सोन्याची लहान लहान बेटे उरतात. मधल्या उघड्या काचेतून उजेड येतो. अकीकाच्या दाबाखाली मऊ सोन्याची ती बेटे पसरून पुन्हा एकमेकांना भिडत होती.

ही गोष्ट फॅरेडे यांच्यानंतर शंभर वर्षांनी एका वेगळ्याच जागी पुढे आली. १९६० नंतर संगणकासाठी सिलिकॉनच्या लहान चकत्या बनू लागल्या. त्यांच्यावर तारांऐवजी अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर देऊन त्याच्या पट्ट्या कोरत. या पट्ट्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या, कधी त्याहूनही पातळ असत. काही महिने चांगले काम करून त्या अचानक तुटत. वितळत नसत, कोणी ओरखडाही काढलेला नसे. मग का तुटत?

सिद्धेश्वरांच्या यात्रेतील गड्ड्याची गर्दी तुम्ही पाहिली आहे. मोकळ्या रस्त्यात कोणाचा धक्का लागला तर फारसे बिघडत नाही. पण अरुंद बोळात लोंढा घुसला, तर कडेला उभी असलेली माणसेही पुढे ढकलली जातात. विजेचा प्रवाह म्हणजे इलेक्ट्रॉनांचा लोंढा. साध्या तारेत तो अणूंना हलवू शकत नाही. पण एवढ्याशा पट्टीत इतकी वीज कोंबली की लोंढा अणूंनाच ढकलू लागतो. पट्टी गरम असेल तर अणू आणखी सहज सरकतात. ते सर्वांत सहज सरकतात ते दोन रव्यांच्या सीमेवरून, कारण तेथे रांगा विस्कळीत असतात. एकीकडचे अणू निघून जातात, तेथे पोकळी पडते आणि पट्टी तुटते. दुसरीकडे त्यांचा ढीग होतो.

मग तंत्रज्ञांनी काय केले? त्यांनी रवे मोठे कसे होतील, हे पाहिले. रवे मोठे, म्हणजे सीमा कमी. सीमा कमी, म्हणजे अणूंना पळायला वाटा कमी. त्यासाठी पट्टी आधीच ठरावीक उष्णता देऊन तापवायची. जी उष्णता फॅरेडे यांचा वर्ख फाडत होती, तीच बेताने दिली तर पट्टीचे आयुष्य वाढवते! अॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळल्यावर पट्ट्या आणखी टिकू लागल्या. १९९७ नंतर तर अॅल्युमिनियमच्या जागी तांबेच वापरले जाऊ लागले. नवी पेठेत मोबाइलच्या दुकानांत जे फोन मांडून ठेवलेले असतात, त्यांतील प्रत्येकात अशा धातूच्या पट्ट्यांचे जाळे आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

फॅरेडे यांनी वर्ख चिकटवलेल्या काचांपैकी काही इंग्लंडमध्ये अजून जपून ठेवलेल्या आहेत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्या सोन्याच्या पाण्याच्या बाटल्याही आहेत. १८५६ पासून आजवर त्यांतील सोने पाण्यात तरंगतेच आहे. एका बाटलीतले पाणी अजून लाल दिसते.